कोरडे पाय

भानुमतीबाईंचं अक्षरांशी कधी जमलं नाही, आकड्यांशी मात्र चांगलं जमलं. इंदूरजवळच्या सांवेरच्या शाळेत दुसरीपर्यंत गेल्या, तिसरीत बापाने घरी बसवलं आणि वाचणं अर्ध्यावर राहिलं. देवळाच्या पाटीवरचं नाव वाचायला त्यांना प्रदक्षिणा संपेपर्यंत वेळ लागे. पण आकडा पुढ्यात आला की बाई चुकत नसत, मधल्या टिंबासकट. ते टिंब नवऱ्याने शिकवलं होतं, मोजायच्या काचेच्या पेल्यावर त्यांचं बोट धरून.

मालोजीराव सिंचाई विभागात बाबू होते. त्यांचे खापरपणजोबा होळकरांच्या फौजेत होते आणि घरात त्याचा अभिमान फार. "वाडवडलांनी भाले धरले, यांनी नरसाळं धरलं," असं भानुमतीबाई आल्यागेल्याला ऐकवत. इंदूरच्या सुदामा नगरात कोपऱ्याचा प्लॉट घेतला तेव्हा लोक आधी पाया खणत होते, यांनी आधी पर्जन्यमापक पुरला. गुडघ्याच्या वर येईल एवढा डबा, त्यावर पितळी काठाचं नरसाळं, आत बाटली. त्याच्या पायी अंगणात झाड म्हणून लावू दिलं नाही. झाड पाऊस अडवतं, मग मोज चुकते. शेजारणींच्या दारात पेरू, सीताफळ, आणि भानुमतीबाईंच्या दारात डबा. फक्त तुळस मागून घेतली त्यांनी, भांडून, आणि तीही डब्यापासून चार हात लांब.

रोज सकाळी साडेआठला बाटली काढायची, पाणी पेल्यात ओतायचं, पेला डोळ्यांसमोर धरायचा, आकडा वहीत लिहायचा. पाऊस असो-नसो. पोराची मुंज असली तरी साडेआठला. पाणी मग तुळशीला. आणि तुळशीपाशी चप्पल न्यायची नाही, हा भानुमतीबाईंचा नियम. त्यामुळे पावसाळाभर त्या ओल्या पायांनी घरात यायच्या आणि दारापासून आतल्या खोलीपर्यंत पावलं उमटायची. "लक्ष्मी आली," मालोजीराव म्हणत. "लक्ष्मी असती तर फरशी पुसायला बाई ठेवली असती," त्या म्हणत.

असे चव्वेचाळीस पावसाळे. चव्वेचाळीस वह्या. दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणात मालोजीराव गेले, तिथे वह्या थांबल्या. डबा अजून तिथेच होता. नरसाळ्यावर भानुमतीबाईंनी ताटली उपडी घालून ठेवली होती.

आता पुण्याहून पलक आली होती. पलक म्हणजे नात, मुलगा सुशांत आणि सून रमा यांची मुलगी. जलवायुविज्ञानात पीएचडी करत होती. आजोबांच्या त्रेचाळीस वह्या तिने मागच्याच वर्षी नेल्या होत्या. चव्वेचाळिसावी मात्र भानुमतीबाईंनी दिली नाही. शेवटची वही. ती लाल फडक्यात बांधून कपाटात होती. "वही मिळणार नाही. आकडे हवेत ना? फोनवर सांगते, लिहून घे," असं म्हणून त्यांनी अख्खा पावसाळा फोनवर वाचून दाखवला होता. जून, जुलै, ऑगस्ट. तारीख आणि आकडा. शेवटच्या रकान्यात काहीबाही लिहिलेलं असे, ते त्यांनी सोडून दिलं. ते अक्षरांचं काम.

सकाळी पोहे झाले, वर जिलेबी झाली, तरी पोरगी खुलली नाही. भानुमतीबाईंनी ओळखलं, काहीतरी सांगायचं राहिलंय.

"काय शिकतेस म्हणालीस ते? टीव्हीवर उद्याचा पाऊस सांगतात, तेच ना?"

"नाही गं आजी. ते मौसम. मी करते ते जलवायु. मौसम म्हणजे आजचा, उद्याचा. जलवायु म्हणजे तीस-तीस वर्षांचा हिशोब लावून कळतो तो."

"म्हणजे आज कढी आंबट झाली तर मौसम. आणि तीस वर्षं आंबटच होते, ती जलवायु."

स्वयंपाकघरातून रमाचा आवाज आला, "ऐकतेय मी, आई."

"ऐकवायलाच बोलले."

पलक हसली, पण अर्धंच. मग समजावत बसली, आजीला समजावताना तिला बरं वाटे. म्हणाली, यात पण घरासारख्या वेगवेगळ्या चुली आहेत. कोणी झाडाच्या खोडातली वर्तुळं मोजून पाचशे वर्षांपूर्वीचे दुष्काळ सांगतात. कोणी जुनी दफ्तरं, वह्या, रोजनिशा वाचतात. कोणी पिकांचं बघतात, की गहू कुठे पिकेल, कुठे नाही. कोणी सगळ्या पृथ्वीची गणितं मोठ्या कॉम्प्युटरवर मांडतात. आणि कोणी अगदी छोटी जागा घेतात, एक मोहल्ला, एक गल्ली, एक अंगण. तिथली हवा शेजारच्या अंगणापेक्षा वेगळी का.

"तुझी चूल कुठली?"

"छोट्या जागेची. आणि आजी, आजोबांच्या वह्या म्हणजे सोनं आहे गं. एका जागी, एका माणसाने, एका वेळेला, चव्वेचाळीस वर्षं. आमच्या मॅडम म्हणाल्या, अशी वही सापडत नाही. ती आता कायमची जपून ठेवणार आहेत, आजोबांच्या नावानं. जगात कोणीही वापरू शकेल."

भानुमतीबाईंनी पदर सारखा केला. नवरा हयातभर बाबू म्हणून राहिला, साहेबांची दारं उघडत राहिला. आता जग त्याची वही उघडणार. "मग तोंड का पाडून बसलीस?"

पलकने लॅपटॉप उघडला, मिटला. "शेवटच्या वर्षाचा घोळ आहे, आजी. त्या ऑगस्टमध्ये पूर्ण इंदूर कोरडं होतं. अख्ख्या शहरात कुठल्याच केंद्रावर पाऊस नाही. सांवेरला नाही, गौतमपुऱ्याला नाही. आणि आपल्या अंगणात पंधरा दिवसांत नऊ वेळा पाऊस. मला पहिले वाटलं, वॉव, काय सापडलंय! घरांची गर्दी, सिमेंटचा ताप, त्यानं एकाच मोहल्ल्यावर ढग होतात का, असं प्रबंधात अख्खं प्रकरण लिहिलं मी. मॅडमनी वाचलं आणि एवढंच विचारलं, डब्यात कोणी पाणी तर नाही ना ओतलं?"

भानुमतीबाईंनी हातातली बशी खाली ठेवली.

"आणि जर ओतलं असेल," पलक हळूच म्हणाली, "आणि कुठलं खरं, कुठलं खोटं ते सांगता आलं नाही, तर शेवटची वही बाद. आणि मॅडम म्हणतात, मग बाकीच्यांवर तरी विश्वास का ठेवायचा? पहिल्यापासून असंच चालत असेल तर? मग सगळ्याच बाद. सोमवारी कळवायचंय. आजी, तू होतीस ना रोज. तू सांग."

भानुमतीबाई उठल्या, खिडकीपाशी गेल्या. बाहेर आभाळ भरून होतं, पडत नव्हतं. सत्तर वर्षांत कोणाला घाबरल्या नव्हत्या, या पोरीला घाबरल्या.

त्या वर्षी अधिक महिना होता. मालोजीरावांचं उजवं अंग गेलेलं, कानही गेलेले. खाट आतल्या खोलीत, खिडकीबाहेर शेजाऱ्याची भिंत. आभाळ दिसायचं नाही, पाऊस ऐकू यायचा नाही. तरी साडेआठला डोळे दाराकडे. "किती?" भानुमतीबाई पेला समोर धरायच्या, कारण माणूस असा खट की बायकोच्या शब्दावर आकडा लिहायचा नाही, पेला बघायचा आणि मग डाव्या हाताने लिहायचा. लागोपाठ सोळा दिवस रिकामा पेला बघितला त्यांनी. सोळा शून्यं. सोळाव्या दिवशी तोंड भिंतीकडे केलं आणि दलियाची वाटी परत पाठवली. दुसऱ्या वेळेलाही परत. तिसऱ्या वेळेलाही.

सतराव्या सकाळी भानुमतीबाईंनी पेल्यात नळाचं पाणी भरलं. नळाला येतं ते नर्मदेचं. आठच्या रेघेपर्यंत.

"आठ," त्या ओरडल्या, ऐकू यावं म्हणून.

मालोजीरावांनी पेला बघितला. मग बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिले, खालपासून वरपर्यंत. मग हसले. लिहिलं. आणि वाटीभर दलिया खाल्ला.

त्यानंतर भानुमतीबाईंनी पाऊस पाडायला घेतला. रोज पाडला असता तर संशय आला असता, म्हणून मध्ये मध्ये कोरडे दिवस ठेवत. कधी चार, कधी अकरा, एकदा साडेतीन. पाण्यात चिमूटभर धूळ टाकत, एकदा कडुनिंबाचं पान टाकलं. ते पाणी तुळशीला मात्र घालत नसत, मोरीत ओतत. तेवढा धर्म पाळला. आणि ज्या दिवशी पाऊस, त्या दिवशी माणूस जेवायचा.

हे सगळं त्यांनी खिडकीकडे तोंड करून नातीला सांगितलं. सांगून झाल्यावर म्हणाल्या, "ओतलं मी. काय करायचं ते कर. पण त्यांनी कधी खोटं लिहिलं नाही. माझ्या खोट्याची शिक्षा त्यांना नको."

पलकने लॅपटॉप बाजूला सारला. तिच्या प्रकरणाची पानं अशी डोळ्यांदेखत वाहून गेली. पण पोरगी भली. नाक पुसलं आणि म्हणाली, "कुठले दिवस, आठवतंय?"

"सगळे कसे आठवतील?"

"वही दे, आजी. एकदा बघू दे."

भानुमतीबाईंनी कपाट उघडलं, लाल फडकं सोडलं. शेवटची पानं निघाली. डाव्या हाताचं अक्षर, मुंगी शाईत पडून चालत गेल्यासारखं. काही आकड्यांभोवती पेन्सिलीचे वाकडेतिकडे गोल होते.

"हे गोल कसले? तू फोनवर बोलली नाहीस."

"हात कापायचा गं त्यांचा. कुठेही पेन्सिल फिरायची."

पलकने पानं उलटली, पहिल्या पानावर आली. मालोजीरावांची सवय होती, प्रत्येक वहीच्या सुरुवातीला नोंदीचे नियम लिहायचे. पलकने बोट ठेवून वाचलं, "‘ज्या नोंदीची खात्री नाही तिला पेन्सिलीने गोल करावा व शेऱ्यात कारण द्यावे.’"

मग परत शेवटच्या पानांवर आली. पहिला गोल तेरा ऑगस्टला. शेवटच्या रकान्यातलं वाचायला तिला वेळ लागला. वाचलं आणि बोट तिथेच ठेवलं.

"वाच की. माझ्यासाठी का थांबलीस? मला येत असतं तर तुला विचारलं असतं का?"

"‘आठ. भानूचे पाय कोरडे.’"

स्वयंपाकघरात रमाचं लाटणं थांबलं.

पलक वाचत गेली. पंधरा ऑगस्ट, चार, गोल, पाय कोरडे. सोळा ऑगस्ट, अकरा, गोल, पाय कोरडे. कडुनिंबाच्या पानाच्या दिवशी लिहिलं होतं, ‘पान चांगले होते. पाय कोरडे.’ आठ खोटे पाऊस, आणि प्रत्येकाभोवती गोल. एकही सुटला नव्हता.

भानुमतीबाई खाटेच्या कडेवर बसल्या. खाट तीच होती, गादी नवी. म्हणजे माणसाला पहिल्या दिवसापासून कळत होतं. भिंतीपलीकडचं आभाळ दिसत नव्हतं, पण फरशी दिसत होती. पावलं उमटली नाहीत, हे त्याला दिसत होतं. आणि तरी वाटीभर दलिया खात होता. कोणासाठी खात होता? त्यांना वाटत होतं, आपण त्याला जगवतोय.

"आजी!" पलकचा आवाज मात्र उजळला होता. "आजोबांनी स्वतः वेगळे काढलेत गं! तारीखवार. कारणासकट. मॅडमना हेच तर पाहिजे. ज्या माणसाने आजारपणात, डाव्या हाताने, बायकोची… म्हणजे, संशयाची नोंद केली, त्याच्या बाकीच्या वह्यांवर कोण संशय घेईल? गोलवाले नऊ दिवस काढून टाकायचे, बाकी सगळं राहतं. चव्वेचाळीसच्या चव्वेचाळीस!"

"आठ," भानुमतीबाई म्हणाल्या.

"काय?"

"मी आठ वेळा ओतलं. नऊ नाही."

पलकने मोजलं. "नऊ गोल आहेत. शेवटचा सत्तावीस ऑगस्टला. बावीस पॉइंट चार. ‘पाय कोरडे.’" मग तिच्या लक्षात आलं. सत्तावीस ऑगस्टला दुपारी आजोबा गेले होते.

भानुमतीबाईंना ती सकाळ कालची असल्यासारखी दिसत होती. पहाटे चारला ढग फुटला. वीस-पंचवीस मिनिटं. आवाजाने त्याच जाग्या झाल्या, घरात बाकी कोणाला कळलंही नाही, आणि मालोजीराव तर औषधाच्या गुंगीत. साडेआठला बाटली जड लागली. अंगणात घोटाभर पाणी. पेला जवळजवळ काठोकाठ भरला. बावीसच्या वर चार रेघा. तुळशीला नमस्कार केला, पाणी पेल्यात तसंच ठेवलं आणि दाखवायला आत आल्या. आणि दारात…

दारात नवं पायपुसणं होतं. आदल्या संध्याकाळी रमाने टाकलेलं. "आई, उद्या ड्रेसिंगवाला येणार आहे, बाबांना उचलायचंय. फरशी ओली असली तर कोणी घसरेल. निदान पाय पुसून येत जा." पन्नास वर्षांत भानुमतीबाईंनी कोणाचं ऐकून पाय पुसले नव्हते. त्या दिवशी आनंदात होत्या. पुसले. चांगले घासून पुसले.

"पडला हो! खरंच पडला! बावीस!"

मालोजीरावांनी पेला बघितला. फरशीकडे बघितलं. डावा हात त्यांच्या मनगटावर ठेवला आणि म्हणाले, "पुरे आता, भानू. किती दमतेस."

भानुमतीबाईंना तेव्हा वाटलं होतं, अंगणात जाण्यायेण्याचं म्हणतायत.

"आजी?" पलक वाट बघत होती. "सत्तावीसचा खरा होता म्हणतेस? पण त्या दिवशीही बाकी सगळीकडे शून्य आहे. होऊ शकतं, एखाद्याच मोहल्ल्यावर पडतो. पण मग आजोबांनी गोल का मारला? तुझे पाय का कोरडे होते? कारण सांग काहीतरी, मी मॅडमशी भांडते. तेवढा एक दिवस तरी मला पण हवाय गं."

स्वयंपाकघराच्या दारात रमा येऊन उभी होती. हाताला कणीक. चेहरा असा, की तिचं तिला सगळं आठवलंय.

भानुमतीबाईंनी सुनेकडे बघितलं. तीस वर्षं कढीवरून, मिठावरून, उशिरा उठण्यावरून या बाईला बोलण्याची एक संधी सोडली नव्हती त्यांनी. आणि आता संधी अशी आली होती की एक वाक्य बोलायचं, खरं वाक्य, आणि नवऱ्याचा शेवटचा पाऊस वहीत परत. ओठांपर्यंत आलेलं होतं. त्याच बाईने सहा महिने सासऱ्याचं हगणं-मुतणं काढलं होतं, तोंड वाकडं न करता.

"चप्पल घातली होती मी," त्या म्हणाल्या.

"तू? तुळशीपाशी चप्पल?"

"हो."

पलक बघतच राहिली. या घरात सगळ्या गोष्टींवर विश्वास बसला असता, यावर नाही. ती आजीला सव्वीस वर्षं ओळखत होती. तिने नजर खाली केली, वहीवरून हात फिरवला. "ठीक आहे गं," हळूच म्हणाली, लहान मुलाची समजूत काढावी तसं. "तुला वाटतं, पडला असावा. मला कळतंय. पण आजोबांचा गोल आहे, आजी. मी त्यांच्या विरुद्ध नाही जाऊ शकत."

"जाऊ नकोस," भानुमतीबाई म्हणाल्या. "नियम त्यांचाच आहे."

लॅपटॉपवर पलकने एकेक करून नऊ आकडे पुसले. भानुमतीबाई बाजूला बसून बघत होत्या. आठ गेले तेव्हा काही वाटलं नाही. बावीस पॉइंट चार गेला तेव्हा त्यांनी डोळे मिटले नाहीत. तो माणूस कोरड्या श्रावणात गेला होता. त्याच्या लेखी. आता जगाच्या लेखीही.

रमा दारातून हलली नव्हती. काही बोलायला तोंड उघडलं तिने. "आई, ते पायपुस…"

"पोळी करपतेय तुझी," भानुमतीबाई म्हणाल्या. "वास इथपर्यंत आलाय."

तव्यावर पोळी नव्हतीच. रमा आत गेली. बराच वेळ आतून नळाचा आवाज येत राहिला.

रात्रभर रिपरिप चालू होती. सकाळी साडेआठला पलक बॅग भरत होती, तेव्हा तिला खिडकीतून दिसलं, आजीने नरसाळ्यावरची ताटली काढली होती. रात्रीचा पाऊस ताटलीवरून बाहेर वाहून गेला होता, बाटली कोरडी. तरी आजी तिथे उभी राहिली, अनवाणी, चिखलात, पेला डोळ्यांसमोर धरून. मग मागे वळली.

दारात आली तर पायपुसणं नव्हतं. जागेवर फरशी उघडी होती. दोन वर्षं रोज तिथे असणारं ते, धुतलेलं, घट्ट पिळलेलं, मागच्या दोरीवर लोंबत होतं, आणि रमा पाठमोरी उभी राहून उगाच त्याचे कोपरे ओढत होती.

भानुमतीबाई क्षणभर थांबल्या. मग ओल्या पायांनी आतल्या खोलीपर्यंत गेल्या, खाटेपाशी, जिथून फरशी दिसते तिथे.

"शून्य," त्या म्हणाल्या.